लहान होडीस विजेची मोटार : निवड व जोडणी

घोडेगांवाहून भीमाशंकरास जाणाऱ्या रस्त्यावर आमचें तळेघर गांव आहे. येथून खालच्या खोऱ्यांत घोड नदीवर डिंभे येथें बांधलेल्या धरणाचा जलाशय पसरला आहे. त्यास हुतात्मा बाबू गेनू सागर असें नांव दिलें आहे. ता. १२ डिसेंबर १९३० रोजीं मुंबईंत विदेशी कापडाची मालमोटार अडवितांना ज्यांनीं देह ठेविला, ते बाबू गेनू याच आंबेगांव तालुक्यांतील म्हाळुंगे पडवळ गांवचे. या पाण्याखालीं जुनें आंबेगांव व भोंवतालच्या कित्येक गांवांच्या जमिनी गेल्या. ज्यांचीं भातखाचरें बुडालीं त्या महादेव कोळी, ठाकर व कातकरी कुटुंबांपैकीं पुष्कळांनीं त्याच पाण्यांत जाळें टाकून पोट भरण्याचा मार्ग धरिला. व पुढें 'शाश्वत' या संस्थेच्या साहाय्यानें मासेमारीचा हक्क मिळवून आपली सहकारी संस्थाही उभी केली. ज्या कांठावर पावसाळा संपल्यावर गाळपेर होते, त्याच कांठावर आतां होड्याही बांधलेल्या दिसतात. म्हणून होडीचा विषय शेतकऱ्यांच्या मासिकांत आला, तर तो अस्थानीं आहे असें कोणी समजूं नये.

हल्लीं बाजारांत 'ट्रोलिंग मोटर' या नांवानें विकली जाणारी विजेची लहान मोटार होडीस लावावी किंवा कसें, असा प्रश्न तरुण मंडळींत निघूं लागला आहे. वल्हीं मारून हात भरून येतात, भर उन्हांत माशाचा माल कांठावर यावयास वेळ लागतो, व वारा उलटला म्हणजे घरीं परतणें कठीण होतें. या तिन्ही अडचणी खऱ्या आहेत. परंतु मोटार व बॅटरी मिळून जी रक्कम होते ती लहान कुटुंबाची एका हंगामाची मिळकत खाऊन टाकूं शकते. सातबारा पाहिल्याशिवाय जमीन घेऊं नये, त्याप्रमाणेंच हिशेब पाहिल्याशिवाय मोटार घेऊं नये. तो हिशेब कसा करावा व घेतलेली मोटार होडीस कशी बसवावी, हें येथें क्रमानें सांगण्याचें योजिलें आहे.

१. ही मोटार म्हणजे काय

विजेवर होडी चालविण्याची कल्पना जुनी आहे. रशियांत नेवा नदीवर मॉरिट्झ याकोबी यांनीं १८३८ सालीं बॅटरीवर चालणारी नाव चालवून दाखविली, व फ्रान्समध्यें गुस्ताव त्रूव्हे यांनीं १८८१ सालीं सेन नदीवर तसाच प्रयोग केला. आपण ज्या मोटारीविषयीं बोलत आहोंत ती मात्र अमेरिकेंत निघाली. उत्तर डाकोटा प्रांतांतील फार्गो येथील ओ. जी. श्मिट यांनीं १९३४ सालीं फोर्ड गाडीचा स्टार्टर घेऊन त्यास लवचिक दांडा व पंखा जोडला, आणि त्यांतून हा धंदा उभा राहिला. पाण्यांतून गळ हळूहळू ओढीत नेण्यास तिकडे 'ट्रोलिंग' म्हणतात. त्यास मंद व बिनआवाजी गति लागते, म्हणून मोटारीस तेंच नांव पडलें.

आपल्याकडे जलाशयांत गळापेक्षां फाशांचें जाळें अधिक वापरतात. तरी जाळें सोडतांना होडी सरळ रेषेंत व मंद चालली पाहिजे, हें काम तेंच आहे. मोटारीची रचना अगदीं साधी आहे. वर मूठ व वेग बदलण्याची कळ, मध्यें लांब दांडा, व खालीं पाण्यांत बुडालेली मोटार आणि तिच्यावर बसविलेला पंखा. मोटार पाण्यांतच असल्यामुळें ती आपोआप थंड राहते. तेल सांडत नाहीं, धूर होत नाहीं, व ज्या पाण्यावर खालच्या गांवांची तहान व पिकें अवलंबून आहेत तें पाणी खराब होत नाहीं, हा तिचा मोठा गुण होय.

परंतु तिच्या शक्तीविषयीं भ्रम नसावा. १२ व्होल्टच्या बॅटरीवर ४० अँपिअर ओढणारी मोटार ४८० वॅट, म्हणजे पाऊण अश्वशक्तीहूनही कमी काम करते. विहिरीवरच्या पांच अश्वशक्तीच्या पंपाशीं तिची तुलना करूं नये. ती होडी माणसाच्या चालण्याइतक्या, फार तर झपाट्यानें चालण्याइतक्या वेगानें नेईल. त्याहून अधिक नाहीं.

२. आधीं होडी पाहावी

महाराष्ट्रांतील कित्येक जलाशयांत ट्रकच्या हवा भरलेल्या ट्यूबवर अथवा थर्मोकोलच्या तराफ्यावर बसून मासेमारी होते. अशा साधनास मोटार लावूं नये. त्यास मोटार घट्ट धरील अशी फळी नसते, बॅटरीचें ओझें एका बाजूस आल्यास तें उलटतें, व तारांस आधार राहत नाहीं. असें साधन वापरणारानें मोटारीसाठीं जमविलेला पैसा प्रथम चांगल्या होडीवर व अंगावर घालावयाच्या तरंगत्या जाकिटावर खर्च करावा. तोच त्यास अधिक फळ देईल.

होडी फायबरची, पत्र्याची किंवा लांकडी असली, तळ गळका नसला, व मागील बाजूस सपाट उभी फळी असली, तर ती मोटारीस योग्य समजावी. दोन्ही टोंकें निमुळतीं असलेल्या होडीसही मोटार लावतां येते, पण तिची रीत निराळी आहे. ती पुढें सांगूं.

३. जोर किती लागेल

या मोटारीचें माप अश्वशक्तींत नसून ती पाण्यास किती जोरानें मागें ढकलते त्यावर असतें, व तें पौंडांत सांगतात. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोस थोडा कमी, म्हणजे ०.४५४ किलो. ३०, ४० व ५५ पौंडांपर्यंतच्या मोटारी १२ व्होल्टवर चालतात. ७० ते ८० पौंडांच्या मोटारींस २४ व्होल्ट, म्हणजे दोन बॅटऱ्या लागतात.

ठोकळ नियम असा आहे कीं, भरलेल्या होडीच्या एकंदर वजनाच्या शंभरास दोन इतका जोर किमान असावा. उदाहरणार्थ :

होडी १२० किलो. दोन माणसें १२० किलो. जाळें व इतर सामान ३० किलो. मासे व बर्फ ५० किलो. मोटार व बॅटरी ४५ किलो. एकूण ३६५ किलो.

याचे शेंकडा दोन म्हणजे ७.३ किलो, अर्थात् सुमारें १६ पौंड. एवढा जोर शांत पाण्यांत पुरेल. परंतु जलाशयावर वारा असतो, व होडीची पाण्यावरची बाजू वाऱ्यास शिडासारखी अडते. म्हणून हा आंकडा दीडपट ते दुप्पट करावा. म्हणजे २४ ते ३२ पौंड होतात. अशा होडीस ३० पौंडांची मोटार कशीबशी, व ४० पौंडांची निश्चिंतपणें चालेल. वाढीव जोर नेहमीं वापरण्यासाठीं नसून अडचणीच्या वेळेसाठीं आहे. चढावरच्या गाडीस जोडीची ताकद थोडी शिल्लक असावी लागते, तसेंच हें.

त्याहून मोठी मोटार घेऊन वेग वाढेल अशी आशा मात्र धरूं नये. लहान होडी पाणी फाडीत चालते, व तिचा वेग वाढविण्यास लागणारी शक्ति वेगाच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. वेग दुप्पट करावयाचा तर शक्ति सुमारें आठपट लागते. उलट वेग निम्मा केला तर शक्ति आठव्या हिश्शावर येते. या एका गोष्टींत बॅटरी टिकविण्याचें सारें रहस्य आहे.

मोटारींत वेग बदलण्याच्या दोन तऱ्हा असतात. एकींत पांच ठराविक पायऱ्या असतात. अशा पुष्कळ मोटारींत मंद वेगाच्या वेळीं कांहीं वीज तारेच्या वेटोळ्यांत उष्णतेच्या रूपानें वायां जाते. दुसरींत विजेचे तुकडे पाडून लागेल तेवढीच वीज मोटारीस देण्याची योजना असते. जाळें सोडण्याचें काम मंद वेगानेंच चालत असल्यामुळें दुसरी तऱ्हा महाग पडली तरी तिची वीज अधिक काळ पुरते.

४. बॅटरीचा हिशेब

मोटारीपेक्षां बॅटरीच्या निवडींतच पुष्कळांचें नुकसान होतें. बॅटरीवर जे 'अँपिअर-तास' लिहिलेले असतात, त्यांस विजेचें कणगें समजावें. १०० अँपिअर-तास म्हणजे पांच अँपिअरप्रमाणें वीस तास. परंतु शिशाच्या बॅटरीचा स्वभाव असा कीं, वीज जलद ओढली तर एकंदर कमी मिळते. चाळीस अँपिअर ओढल्यास लिहिलेल्यापेक्षां बरीच कमी वीज हातीं लागते. शिवाय ती अर्ध्याहून अधिक रिकामी करीत गेल्यास तिचें आयुष्य झपाट्यानें घटतें. तेव्हां शिशाच्या बॅटरीवरचा आंकडा निम्मा धरूनच चालावें.

आतां एका फेरीचा हिशेब पाहूं. जाळ्याची जागा तीन किलोमीटर दूर आहे. ४० पौंडांची मोटार पूर्ण वेगावर सुमारें ४० अँपिअर ओढते, व आपली होडी तेव्हां ताशीं ५ किलोमीटर चालते असें धरूं. जाऊन येऊन सहा किलोमीटर, म्हणजे सव्वा तासास कांहीं कमी. त्यास सुमारें ४८ अँपिअर-तास लागतील. तीच मोटार मध्यम वेगावर, ताशीं ४ किलोमीटर चालविली, तर ती सुमारें २० अँपिअर ओढील. वेळ दीड तास, वीज ३० अँपिअर-तास. अवघीं अठरा मिनिटें वांचविण्यासाठीं पहिल्या रीतीनें दीडपटीहून अधिक वीज जाते. यांत जाळें सोडण्याच्या एका तासाचे ६ अँपिअर-तास मिळवावे, ३६ झाले. वाऱ्याकरितां तिसरा हिस्सा वाढवावा, ४८ झाले. म्हणजे १०० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी अगदीं कांठोकांठ पुरते. १२० ची घेतल्यास जीव खालीं राहतो.

हे आंकडे दाखल्यापुरते आहेत. प्रत्येकानें आपल्या होडीचा वेग ओळखीच्या दोन खुणांमधील अंतर मोजून काढावा व मोटारीच्या पत्रकावरील अँपिअर घेऊन आपला हिशेब मांडावा.

बॅटरी कोणत्या जातीची घ्यावी, याविषयीं चार शब्द. मोटारगाडीची बॅटरी घेऊं नये. तिच्या पट्ट्या पातळ असतात. क्षणभर मोठा प्रवाह देऊन इंजिन सुरू करणें एवढेंच तिचें काम, आणि वारंवार रिकामी केल्यास ती थोड्याच महिन्यांत निकामी होते. घरांतील इन्व्हर्टरची उभ्या नळ्यांची बॅटरी रोज रिकामी होणें सोसते खरी, पण ती उंच व जड असते, आणि होडी कलली म्हणजे तिच्यांतील तेजाब सांडण्याचें भय असतें. शिशाचीच घ्यावयाची तर खोलवर रिकामी होण्यास योग्य अशी बंद जातीची घ्यावी. दुसरी जात लिथियम आयर्न फॉस्फेटची. तिची शेंकडा ऐंशी वीज बिनधोक वापरतां येते, व १०० अँपिअर-तासांस तिचें वजन सुमारें १२ किलो, तर शिशाचीचें सुमारें ३० किलो असतें. मात्र तिच्या आंतील रक्षक यंत्रणा मोटारीचा पूर्ण प्रवाह, म्हणजे येथें किमान ५० अँपिअर, सतत देऊं शकते किंवा नाहीं हें विकत घेण्यापूर्वीं लेखी विचारून घ्यावें.

किंमत पाहतांना नुसता खरेदीचा आंकडा पाहूं नये. शिशाची बॅटरी निम्मी रिकामी करीत गेल्यास ठोकळमानानें तीनशे ते पांचशे फेऱ्या टिकते. लिथियमची दोन हजारांच्या पुढें जाते. किमतीस फेऱ्यांच्या संख्येनें भागावें, म्हणजे एका फेरीस बॅटरीची झीज किती रुपये पडली तें कळेल. विजेचा खर्च त्यामानानें क्षुल्लक आहे. वरील एका फेरीची वीज परत भरण्यास एक-सव्वा युनिट पुरतें. झीज व वीज मिळून जी रक्कम होईल ती फेरीच्या माशांच्या किमतीशीं ताडून पाहावी. ती भारी वाटली, तर मोटार आपल्यासाठीं नाहीं असें स्वच्छ समजावें.

बॅटरी भरतांना तिच्या अँपिअर-तासांच्या दहाव्या हिश्शाइतका प्रवाह द्यावा. १२० च्या बॅटरीस १२ अँपिअर. शिशाची बॅटरी भरतांना स्फोटक वायु निघतो, सबब ती चुलीजवळ किंवा बंद खोलींत भरूं नये. फेरीहून आल्यावर ती त्याच दिवशीं भरण्यास लावावी. रिकाम्या स्थितींत पडून राहिल्यास तिच्या पट्ट्यांवर क्षार धरतो व ती मरते. पावसाळ्यांत होडी कांठावर असली तरी महिन्यांतून एकदां ती भरली पाहिजे. १०० वॅटची सूर्यपाटी उघड्या उन्हाच्या दिवसांत सुमारें ४०० वॅट-तास वीज देते, म्हणजे वरील फेरीची वीज भरण्यास तिला जवळजवळ दोन दिवस लागतील. व आमच्याकडच्या आषाढ-श्रावणांत तिचा भरंवसा धरतांच येणार नाहीं.

५. दांड्याची लांबी व मोटारीची जागा

पंख्याचें वरचें टोंक पाण्याच्या पृष्ठभागाखालीं निदान १५ सेंटिमीटर असावें. त्याहून वर असल्यास पंखा हवा ओढतो, नुसता गरगरतो व वीज फुकट जाते. म्हणून माणसें व सामान भरून होडी पाण्यांत उभी करावी, व मागील फळीच्या माथ्यापासून पाण्यापर्यंतचें अंतर मोजावें. तें ३५ सेंटिमीटर भरलें असें समजा. त्यांत १५ सेंटिमीटर खोली व पंख्याची निम्मी रुंदी सुमारें १२ सेंटिमीटर मिळविली म्हणजे ६२ होतात. बाजारांत ३० इंची, म्हणजे ७६ सेंटिमीटरचा दांडा मिळतो. तो घेतल्यास फळीच्या वर अवघे १४ सेंटिमीटर उरतील व मूठ धरण्यास फार वांकावें लागेल. ३६ इंची, म्हणजे ९१ सेंटिमीटरचा दांडा घेतल्यास २९ सेंटिमीटर उरतात, तो योग्य. हें माप होडी रिकामी असतांनाही एकदां घ्यावें. कारण मासे भरण्यापूर्वीं होडी उंच तरंगते, व दोघे पुढें जाऊन जाळें ओढूं लागले कीं मागचें टोंक वर उचलतें.

सामान्यतः मोटार मागील फळीच्या मध्यावर बसवितात. फळी पातळ फायबरची असल्यास शिकंज्याचे स्क्रू तिला चिरडतात, व मोटारीच्या हिसक्यानें तडा जातो. तेव्हां आंतून व बाहेरून मिळून २५ ते ४० सेंटिमीटर नव्हे, तर मिलिमीटर जाडी होईल अशी सागाची किंवा पाण्यांत न फुगणारी फळी आरपार बोल्टांनीं जोडावी. बोल्ट गंज न धरणारे असावे व भोंकें लुकणानें बंद करावीं. शिकंजे हातानें घट्ट आवळावे, व शिवाय मोटारीच्या मानेस दोरी बांधून ती होडीच्या कडीस अडकवावी. स्क्रू सैल होऊन मोटार तळाशीं गेली, तर खोल पाण्यांतून ती परत मिळणें कठीण.

दोन्ही टोंकें निमुळतीं असलेल्या होडीस मागील टोंकाजवळ दोन्ही कांठांवर आडवी जाड फळी घट्ट बांधावी, व तिच्या एका बाजूच्या बाहेर आलेल्या टोंकास मोटार लावावी. जोर एका बाजूस आल्यामुळें होडी सतत दुसऱ्या बाजूस वळूं पाहते. तें मुठीनें सांवरावें लागतें, व बॅटरी विरुद्ध बाजूस ठेवून तोल राखावा लागतो.

होडीच्या पुढील टोंकास लावण्याच्या मोटारीही मिळतात. बैल गाडीच्या पुढें असले म्हणजे गाडी सरळ जाते. तीच गाडी मागून ढकलली तर तोंड भटकतें. पुढील मोटारीनें होडी वाऱ्यांत अधिक सरळ राहते हें खरें. परंतु जाळें ओढणारा माणूस पुढेंच बसतो, आणि दोघांची अडचण होते. सबब आमच्या मतें जाळ्याच्या धंद्यास मागील जागाच सोईची.

६. तारा, फ्यूज व बॅटरीची जागा

बॅटरी जड आहे, म्हणून ती होडीच्या मध्यावर, तळाशीं, झांकणाच्या पेटींत ठेवावी व पट्ट्यानें बांधावी. ती मागें ठेवल्यास मोटार, माणूस व बॅटरी अशीं तिन्ही ओझीं एके ठिकाणीं येऊन मागचा कांठ पाण्यास लागतो.

मध्यावरून मागें जाण्यास तार तीन मीटर धरली, तर वीज जाऊन येण्यास सहा मीटर लागतात. येथें घरांतील चार चौरस मिलिमीटरची तार वापरल्यास ४० अँपिअरवर एक व्होल्टाहून अधिक दाब तारेंतच खर्च होतो, म्हणजे बारांतला बारावा हिस्सा, व तार तापते. सोळा चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घेतल्यास हा खर्च पाव व्होल्टावर येतो. तारेंत चार पैसे वांचविणारा ते रोज विजेंत घालवितो.

बॅटरीच्या धन टोंकापासून वीतभर अंतराच्या आंत ५० अँपिअरचा फ्यूज किंवा आपोआप तुटणारी कळ बसवावी. पंख्यांत कांहीं अडकून मोटार थांबली, किंवा तारेची साल घांसून दोन तारा भिडल्या, तर हाच फ्यूज आग वांचवितो. सांधे पिळून व चिकटपट्टी गुंडाळून करूं नयेत. तारांस दाबून बसविलेलीं टोंकें लावावीं. लाल तार धन टोंकास व काळी ऋण टोंकास हें विसरूं नये. उलट जोडल्यास आंतील नाजूक यंत्रणा जळते.

७. जाळें व पंखा

जलाशयांतील मासेमारास या मोटारीचें सर्वांत मोठें संकट म्हणजे त्याचें स्वतःचें जाळें. नायलॉनचा बारीक धागा पंख्यांत शिरला कीं तो दांड्याभोंवतीं गुंडाळतो, आंतील सीलपर्यंत पोंचून तें कापतो, व मग मोटारींत पाणी शिरतें. वरून कांहीं दिसत नाहीं; कांहीं दिवसांनीं मोटार बंद पडते तेव्हां कळतें. म्हणून पुढील नेम पाळावे. जाळें सोडतांना वाऱ्याची बाजू पाहून अशी होडी चालवावी कीं जाळें होडीपासून दूर वाहत जाईल. जाळें ओढतांना मोटार बंद करून पंखा पाण्याबाहेर काढावा व वल्ह्यानें काम करावें. प्रत्येक आठवड्यास, व जाळें अडकल्याचा संशय येतांच त्याच दिवशीं, आधीं बॅटरीची तार काढून मग पंखा खोलावा व मागें धागा आहे काय पाहावें.

पंख्यांतून एक लहान खीळ आरपार गेलेली असते. पंखा खुंटास आपटला तर पुष्कळ वेळां ती वांकते किंवा तुटते, व मोटार वांचते. अशा दोन खिळी, एक नट व एक पान्हा होडींत नेहमीं असावा. डिंभ्याचें पाणी कालव्यांतून सुटत जाऊन उन्हाळ्यांत पुष्कळ खालीं जातें. तेव्हां जुन्या गांवठाणांचीं जोतीं, बांध व झाडांचे खुंट पाण्याच्या थोडेच खालीं येतात. पौष-माघांत जी वाट मोकळी होती ती वैशाखांत मोकळी असेलच असें नाहीं. उथळ पाण्यांत मोटार वर उचलून वल्हींच हातीं घ्यावीं.

८. वारा व जीव

मोटार आली म्हणून वल्हीं घरीं ठेवणें हा आत्मघात होय. बॅटरी संपते, तार सुटते, खीळ तुटते. वल्हें तेवढें दगा देत नाहीं. विजेचे तीन भाग करावे : एक जाण्यास, एक येण्यास, व एक हातीं राखून ठेवण्यास. हा जलाशय पश्चिमेकडील डोंगरांच्या पायथ्यापासून पूर्वेकडील धरणाच्या भिंतीपर्यंत पसरला आहे, व पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो. याचा अर्थ असा कीं, वरच्या अंगाच्या गांवांतून निघालेली होडी जातांना वाऱ्याबरोबर सुखानें जाते, आणि भरलेल्या माशांसह परततांना वारा तोंडावर येतो. जातांना वीज कमी लागली म्हणून पुढें जात राहूं नये. तीच वीज परततांना दुपटीनें लागेल. धरणाच्या भिंतीजवळ, सांडव्याजवळ व कालव्याच्या तोंडाजवळ होडी नेऊंच नये. प्रत्येकाच्या अंगावर तरंगतें जाकीट असावें; तें होडींत ठेवलेलें उपयोगी नाहीं. आकाशांत वीज चमकूं लागतांच कांठ गांठावा.

९. कागद व भागीदारी

आयुष्य दप्तरांत गेल्यामुळें आम्हांस एक गोष्ट सांगणें अवश्य वाटतें. देशांत २०२१ सालीं अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा झाला, व त्यांत यंत्रानें चालणाऱ्या आणि बिनयंत्राच्या नावांचा विचार निरनिराळा केला आहे. वल्ह्याच्या होडीस मोटार लागली कीं तिची गणना बदलूं शकते. जलाशय जलसंपदा खात्याचा, व मासेमारीचा कारभार मत्स्यव्यवसाय खात्याचा. तेव्हां मोटार घेण्यापूर्वीं संस्थेमार्फत दोन्ही कचेऱ्यांत लेखी विचारणा करावी व आलेलें उत्तर जपून ठेवावें. तोंडी होकारास दप्तरांत किंमत नसते.

शेवटीं भागीदारीविषयीं. प्रत्येक होडीस एक मोटार हवी असें नाहीं. चार-पांच कुटुंबांनीं मिळून, किंवा संस्थेनें, एक चांगली होडी मोटारीसह ठेवावी. तिनें सकाळीं सर्वांचा माल गोळा करून लवकर कांठावर आणावा, व वाऱ्यांत अडकलेल्या होडीस दोरीनें ओढून आणावें. अशानें कर्ज एकाच्या डोक्यावर बसत नाहीं, बॅटरी रोज वापरांत राहते, व मालही ताजा बाजारांत जातो. मात्र बॅटरी कोणी भरावी, दुरुस्तीचा पैसा कोठून यावा, व दोन-चार वर्षांनीं नव्या बॅटरीसाठीं दर फेरीस किती रुपये बाजूस टाकावे, हें आरंभींच वहींत लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्या. सामाईक विहिरीचे तंटे ज्यांनीं पाहिले आहेत त्यांस याचें कारण निराळें सांगावयास नको.

सारांश, होडी भक्कम असावी, जोर वजनाच्या मानानें घ्यावा, बॅटरीचा आंकडा निम्मा धरावा, पंखा पुरता बुडालेला असावा, तार जाड व फ्यूज जवळ असावा, आणि वल्हें व जाकीट कधींही सोडूं नये. एवढें ज्यास पटलें व ज्याचा फेरीचा हिशेब जमला, त्यानें मोटार अवश्य घ्यावी. ज्याचा जमला नाहीं त्यानें वल्ह्यावरच विश्वास ठेवावा, त्यांत कमीपणा नाहीं. ज्या पाण्यानें येथील लोकांची जमीन घेतली त्याच पाण्यानें त्यांस थोडें कांहीं परत द्यावें, व तें मिळवितांना कोणी कर्जांत किंवा पाण्यांत बुडूं नये, एवढीच आमची इच्छा आहे.